लॅक्स्टनचे शिवार

इंग्लंडच्या ग्रामीण भागाचे जे चित्र इंग्रजी कादंबऱ्यांनी आणि छापील निसर्गचित्रांनी आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनावर ठसविले आहे, त्यात हिरव्या कुंपणांनी विभागलेली लहानमोठी शेते, त्या शेतांच्या मधोमध एकाकी उभे असलेले शेतकऱ्याचे घर आणि दूरवर दिसणारा चर्चचा मनोरा या तीन गोष्टी हटकून असतात. हे चित्र खोटे नाही. परंतु ते जितके पुरातन भासते तितके पुरातन मात्र खास नाही. मध्य इंग्लंडच्या विस्तीर्ण प्रदेशात ही कुंपणे बव्हंशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांच्या बळावर उभी राहिली. त्यापूर्वी शेकडो वर्षे तेथील शिवार उघडे होते. शेतकऱ्यांची घरे गावठाणात एकमेकांना लागून होती, प्रत्येकाची जमीन लांबट पट्ट्यांच्या रूपाने साऱ्या शिवारभर विखुरलेली होती, आणि कोणी, केव्हा व कोठे काय पेरावे हे एकट्यादुकट्याच्या मर्जीवर नसून गावाच्या रिवाजावर अवलंबून होते. ती जुनी व्यवस्था इंग्लंडातून जवळजवळ समूळ नाहीशी झाली. डेव्हनमधील ब्राँटन येथे आणि लिंकनशायरमधील ॲक्सहोमच्या बेटात उघड्या शिवाराचे अवशेष अद्याप दिसतात. परंतु पट्टे, पिकांची सामाईक पाळी आणि या दोहोंवर देखरेख करणारी गावची पंचायत, ही तीनही अंगे एकत्र जिवंत असलेले गाव एकच उरले आहे, आणि ते म्हणजे नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन.

न्यूअर्क आणि टक्सफर्ड या बाजाराच्या गावांपासून फार दूर नसलेले हे गाव तांबूस, चिकण मातीच्या उंचसखल प्रदेशात वसले आहे. पावसाळी दिवसांत नांगराला दाद न देणारी आणि उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट होणारी ही जमीन कोणाही शेतकऱ्याला सहजासहजी वश होणारी नव्हे. 1086 साली नॉर्मन विजेत्या विल्यमच्या हुकुमाने साऱ्या राज्याची जी जमाबंदी तयार झाली आणि जी डूम्सडे बुक या नावाने प्रसिद्ध आहे, तीत या गावाची नोंद आढळते. नॉर्मनांच्या स्वारीपूर्वी गाव टोकी नावाच्या सरदाराकडे होते. स्वारीनंतर ते जेफ्री ॲल्सेलिन या नॉर्मन सरदाराला मिळाले. सहा नांगरांची जमीन, 22 कुळे, 7 अल्पभूधारक, 5 दास व 1 दासी, 40 एकर कुरण आणि जनावरांना चरण्याजोगे रान, एवढा ऐवज कारकुनाने लिहून ठेवला असून स्वारीपूर्वीच्या एडवर्ड राजाच्या काळी 9 पौंड असलेले गावाचे मूल्य आता 6 पौंडांवर आल्याचीही नोंद त्याने केली आहे. परकीय स्वारीनंतर गावाची काय दशा झाली याचे वर्णन त्या दप्तरात नाही. परंतु मूल्य एका तृतीयांशाने घटल्याचा हा कोरडा आकडा ते काम पुरेसे करतो.

गावाच्या उत्तरेस मातीचा एक प्रचंड उंचवटा आणि त्याभोवतीचे खंदक आजही दिसतात. नॉर्मनांनी बांधलेल्या लाकडी किल्ल्याची ती जागा होय. बाराव्या शतकात येथे राहणाऱ्या कॉ घराण्याकडे शेरवुडच्या राजअरण्याची वंशपरंपरागत राखण होती. रॉबिन हूडच्या कथांनी जगप्रसिद्ध झालेल्या त्या अरण्याचा कारभार या किल्ल्यातून चाले. अरण्य राजाच्या शिकारीचे असल्यामुळे तेथील कायदे कडक होते, आणि राजाची मर्जी फिरली तर आसपासच्या रयतेला त्याची झळ लागत असे. जॉन राजाच्या अमदानीत लॅक्स्टनच्या लोकांवर असाच एक प्रसंग गुदरला. आपले गाव जमीनदोस्त होऊ नये आणि राजाचा कोप शांत व्हावा म्हणून त्यांनी 100 पौंड भरण्याचे कबूल केल्याची नोंद सरकारी हिशेबात आहे. शंभरेक वर्षांपूर्वी ज्या गावाचे एकंदर मूल्य 6 पौंड लिहिले गेले त्याने 100 पौंडांचा बोजा पत्करला, यावरून धाकाचे स्वरूप ध्यानी येते. पुढे हे वतन विवाहसंबंधाने एव्हरिंगहॅम घराण्याकडे गेले, आणि 1286 च्या सुमारास कारभारातील गुन्ह्यांबद्दल राजाने अरण्याची राखण त्यांच्याकडून काढून घेतली. ते वैभव गेले, किल्ला ओस पडला. परंतु एव्हरिंगहॅम कुळातील स्त्रीपुरुषांच्या मूर्ती सेंट मायकेलच्या चर्चमध्ये राहिल्या. त्यांत चौदाव्या शतकातील एका स्त्रीची मूर्ती ओकच्या लाकडात कोरलेली असून त्या काळची लाकडी मूर्ती साऱ्या परगण्यात अन्यत्र नाही.

या चर्चचा उल्लेख आला म्हणजे इंग्लंडच्या ग्रामजीवनातील एका दुहेरी व्यवस्थेकडे वळावे लागते, कारण ती लक्षात घेतल्यावाचून लॅक्स्टनचा इतिहास नीट उलगडत नाही. गाव एकच असले तरी त्यावर दोन सत्ता नांदत होत्या. एक जमीनदारीची: तिच्या दप्तरात कुळे, खंड, वहिवाटी आणि बांध यांचा हिशेब असे. दुसरी पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या व एका पाद्र्याच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीची: तिच्याकडे नामकरण, विवाह आणि दफन, पाद्र्याला द्यावयाचा उत्पन्नाचा दशांश, आणि सोळाव्या शतकानंतर गोरगरिबांचा निर्वाहही आला. 1538 साली टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये नामकरण, विवाह व दफन यांची वही ठेवण्याचा प्रघात सुरू झाला. 1601 च्या कायद्याने निराधारांच्या पोषणासाठी गावकऱ्यांवर पट्टी बसविण्याचा अधिकार पॅरिशच्या अधिकाऱ्यांना मिळाला, आणि 1662 च्या कायद्याने उपऱ्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत धाडण्याची मुभाही मिळाली. पॅरिश म्हणजे भाविकांचा मेळावा, असे जे वरवर वाटते ते अशा रीतीने अपुरे ठरते. दुष्काळात कोणाला भाकरी मिळणार आणि कोणाला वेशीबाहेर काढले जाणार, हे तेथे ठरत असे. लॅक्स्टनपासून नजीकच असलेल्या साऊथवेल येथे 1824 साली बीचर नावाच्या पाद्र्याने जे गरीबघर उभारले, त्याच्या कठोर शिस्तीचा नमुना पुढे ठेवूनच 1834 चा नवा कायदा घडविला गेला आणि गरिबांचा भार गावाच्या हातून निघून अनेक गावांच्या संघाकडे गेला. दशांशाचे रूपांतर 1836 च्या कायद्याने रोख रकमेत झाले, आणि 1894 साली निर्वाचित ग्रामसभा स्थापन होऊन पॅरिशचा ऐहिक कारभार चर्चपासून अलग करण्यात आला.

पॅरिशची ही स्थित्यंतरे इंग्लंडच्या हजारो गावांना सारखीच लागू आहेत. लॅक्स्टनचे वैशिष्ट्य जमिनीच्या व्यवस्थेत आहे. गावातून हिंडणाऱ्याच्या प्रथम नजरेत भरते ती घरांची ठेवण. शेतकऱ्यांची जुनी विटांची घरे रस्त्याच्या दोहों बाजूंना आहेत; पुष्कळ घरांची निमुळती बाजू रस्त्याकडे असून पाठीमागे अंगण, गोठे, कोठारे आणि त्यामागे एक अरुंद लांब वाडगे असते. कोणाचेही शेत एका जागी नसल्यामुळे शेतात घर बांधून राहण्यात मुळी अर्थच नव्हता. साऱ्या शिवाराला सारख्याच अंतरावर पडेल अशी जागा एकच, आणि ती गावठाण. गावाभोवती वेस्ट फील्ड, साऊथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन विशाल शेते पसरलेली आहेत. ईस्ट फील्ड नावाचे चौथे लहान शेत पूर्वी वेस्ट फील्डच्या जोडीने लागवडीला येई. यांपैकी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरावयाचे जव किंवा कडधान्य, आणि तिसरे पडीक, अशी तीन वर्षांची पाळी शतकानुशतके चालत आली. पडीक शेतात आता गवत व चारा घेतात, एवढाच काय तो मोठा फरक.

प्रत्येक शेत अनेक पट्ट्यांत विभागलेले असते आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तीनही शेतांत असतात. तसे नसते, तर एखाद्याची सारी जमीन पडीक वर्षात येऊन त्याच्या घरी चूलच पेटली नसती. पट्टे का पडले याविषयी विद्वानांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे. चांगली आणि वाईट, उतारावरची आणि पाणथळ जमीन सर्वांना सारखी मिळावी असा समतेचा हेतू कित्येकांनी त्यात पाहिला. ऑर्विन दांपत्याने 1938 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, लॅक्स्टनच्याच अभ्यासावरून, निराळे मत मांडले. त्यांच्या मते पट्टा हा तत्त्वज्ञानातून निघाला नसून नांगरातून निघाला. रान तोडून नवी जमीन लागवडीला आणताना अनेकांचे बैल एका अवजड नांगराला जुंपलेले असत, आणि एका दिवसात जेवढे नांगरून होई तेवढा तुकडा एकाच्या वाट्याला, दुसऱ्या दिवसाचा दुसऱ्याच्या वाट्याला, अशी वाटणी आपोआप होत गेली. बैलांची लांब जोडी वळविण्यास जागा लागे, म्हणून पट्टे लांब झाले. वळण घेताना त्यांना हळूहळू एका अंगाला खेचावे लागे, म्हणून पट्ट्यांना किंचित वाक आला. माती मधोमध उलटत गेल्याने पट्ट्याचा मध्य उंच आणि कडा सखल झाल्या, आणि त्याच सखल चरांतून पावसाचे पाणी वाहून जाऊ लागले. न्यायबुद्धी या व्यवस्थेत नव्हती असे नव्हे. परंतु ती मागाहून आली आणि चिखलाने तिला वाट दाखवली, हे ऑर्विनांचे प्रतिपादन मला तरी पटण्यासारखे वाटते.

नांगराला चढता न येणारे उतार आणि पाणी साचणाऱ्या सखल पट्ट्या गवताखाली राखलेल्या असत. त्यांना तेथे साइक म्हणतात. त्या कोणा एकाच्या नव्हेत. त्यांवरील गवतावर हक्कदारांचा सामाईक अधिकार असून दर वर्षी उन्हाळ्यात त्या गवताचा लिलाव होतो आणि उत्पन्न हक्कदारांत वाटले जाते. पीक निघाल्यावर उघड्या शेतातल्या धसकटांवर सर्वांची जनावरे चरावयास सुटत, आणि त्यांच्या शेणखताने जमिनीचा कस राखला जाई. येथेच व्यवस्थेची सारी कडकाई दडलेली आहे. शेजाऱ्याचे पीक उभे असताना आपल्याला गुरे सोडता येत नाहीत. सर्वांचा गहू उगवला असताना आपण एकट्याने पट्टा पडीक ठेवून चालत नाही. बांध नसल्यामुळे शेजाऱ्याचा एक तास आपल्या नांगराखाली ओढण्याचा मोह प्रत्येकाला दर साल होणारच. कुंपण नसलेल्या शिवारात कुंपणाचे काम नियमांनाच करावे लागते, आणि नियम म्हटले की ते पाळले जातात की नाही हे पाहणारा कोणी तरी लागतो.

या शिवाराचे जे अपूर्व चित्र आपल्यापर्यंत आले, त्यामागे एका धनाढ्य व्यापाऱ्याची हिशेबी दृष्टी होती, आणि त्या व्यापाऱ्याचा आपल्या पश्चिम किनाऱ्याशीही संबंध आला होता. अनेक हात बदलत लॅक्स्टनची जमीनदारी सर विल्यम कोर्टीन या लंडनच्या सावकाराकडे आली. आपण नेमके काय विकत घेतले हे जाणून घेण्यासाठी त्याने मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून गावाची पाहणी करविली, आणि 1635 साली पिअर्सने नकाशा सिद्ध केला. त्यात शिवारातील एकूण एक पट्टा दाखविलेला असून कोणता तुकडा कोणाचा याची तपशीलवार नोंद सोबतच्या वहीत आहे. परंतु नकाशाचे आकर्षण एवढ्यावर संपत नाही. त्यात नांगर धरलेले कुणबी आहेत, कापणी करणारे मजूर आहेत, हरणांमागे धावणारे शिकारी आणि त्यांचे कुत्रेही आहेत. महसुली कामासाठी काढलेल्या कागदावर मोजणीदाराने गावाचे अख्खे वर्ष रेखाटले आहे. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जतन केलेला आहे.

ज्या 1635 साली हा नकाशा तयार झाला, त्याच सालाच्या अखेरीस पहिल्या चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता बाजूला सारून कोर्टीन व त्याच्या भागीदारांना पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना दिला. 1636 साली कोर्टीन मरण पावला. परंतु कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली त्याची जहाजे त्याच वर्षी गोव्यास पोहोचली आणि पुढे चीनमधील कँटनपर्यंत गेली. कोर्टीनच्या मंडळींनी भटकळ व कारवार येथे वखारीही घातल्या. मिऱ्यांच्या लालसेने कोकण-कानड्याच्या बंदरांत उतरलेल्या त्या गुमास्त्यांचा आणि नॉटिंगहॅमशायरच्या चिखलात पट्टे मोजणाऱ्या पिअर्सचा मालक एकच होता, ही गोष्ट सतराव्या शतकातील इंग्रज भांडवल कोणकोणत्या वाटांनी वाहत होते याची चांगली साक्ष देते. हा व्यापार फळाला आला नाही, घराणे कर्जात बुडाले, आणि 1640 च्या सुमारास लॅक्स्टन पिअरपॉन्ट घराण्याकडे गेले. या घराण्याच्या वारसाला 1806 साली अर्ल मॅनव्हर्स ही पदवी मिळाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाव त्यांच्याच ताब्यात राहिले.

आता ज्या संस्थेमुळे लॅक्स्टनचे नाव इतिहासात आणि कायद्यातही राहिले तिच्याकडे वळू. तिला कोर्ट लीट म्हणतात. मध्ययुगात इंग्लंडातील जवळजवळ प्रत्येक जमीनदारीला असे न्यायालय असे. मालकाचा कारभारी त्याचा अध्यक्ष, कुळांतून नेमलेले पंच त्याचे डोळे, आणि दंड हे त्याचे शस्त्र. कोणी बांध कोरला, कोणी चर बुजवला, कोणाची गुरे दुसऱ्याच्या गव्हात शिरली, असल्या तक्रारींचा तेथे निकाल लागे. दंडाची रक्कम मोठी नसे. परंतु भर सभेत, वर्षभर ज्यांच्या शेजारी राहायचे त्यांच्या तोंडून आपले नाव दोषी म्हणून पुकारले जाण्याची नामुष्की मोठी असे. एखाद्या वर्षी तक्रार करणारा पुढल्या वर्षी स्वतःच तक्रारीचा विषय होई, त्यामुळे पंचांची भाषा सहसा मर्यादा सोडत नसे.

लॅक्स्टनमध्ये हे न्यायालय आजही दर वर्षी भरते. नोव्हेंबरच्या अखेरीस पंचांचा दिवस असतो. बारा पंच आणि त्यांचा म्होरक्या त्या वर्षी ज्या शेतात हिवाळी गहू पेरला असेल त्या शेतावर जातात. कोणी सामाईक रस्त्यावर किंवा साइकवर नांगर घातला आहे काय, चर साफ आहेत काय, हे पायी हिंडून पाहतात आणि हद्द सरकली असेल तेथे खुंटी ठोकून ती पूर्ववत् करतात. मग गावातल्या डव्हकोट नावाच्या पथिकगृहात जेवण आणि चर्चा होऊन कोणास किती दंड करावा हे ठरते. पुढील आठवड्यात त्याच जागी कोर्ट लीट बसते. कारभारी अध्यक्षस्थानी असतो, हजेरी होते, गैरहजर हक्कदाराला नाममात्र दंड होतो, जुने पंच आपला अहवाल देतात आणि पुढील वर्षाचे पंच शपथ घेतात. भटकी जनावरे कोंडवाड्यात घालणारा पिंडर नावाचा अधिकारीही येथूनच नेमला जातो, आणि त्याचा कोंडवाडा गावात अद्याप उभा आहे. पाहुण्यांना हा प्रकार एखाद्या ऐतिहासिक नाटकासारखा वाटण्याचा संभव आहे; परंतु ज्याचा दोन तास नांगर हद्दीपलीकडे गेला आहे त्या शेतकऱ्याला तो नाटक वाटत नाही, कारण दंड खरा असतो आणि खुंटीही खरी असते.

मग इतरत्र ही व्यवस्था का मोडली? अठराव्या शतकात धान्याला भाव आला, लोकसंख्या वाढली, नवी पिके व नवी जनावरांची पैदास पुढे आली, आणि विखुरलेल्या पट्ट्यांवर सुधारणा करता येत नाही अशी ओरड सुरू झाली. ती निराधार नव्हती: पट्ट्यापट्ट्यांतून जाण्यायेण्यात वेळ जाई, एकट्याला पाण्याचा निचरा सुधारता येत नसे, आणि एकत्र चरणाऱ्या गुरांत एकाचा रोग सर्वांना होई. यावर उपाय म्हणून सारे पट्टे एकत्र करून ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे सलग जमीन तोडून द्यावयाची आणि ती कुंपणात घ्यावयाची, असे कायदे गावागणिक होऊ लागले. 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटने 5,200 हून अधिक असे कायदे केले आणि सुमारे 68 लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकंदर भूभागापैकी एक पंचमांशाहून किंचित अधिक जमीन, कुंपणांत गेली. उत्पन्न वाढले हे खरे. परंतु ज्यांच्याकडे एक गाय आणि गायरानावरचा हक्क एवढीच मालमत्ता होती त्यांची गायही गेली आणि हक्कही गेला. या चळवळीचा एके काळचा कैवारी आर्थर यंग यालासुद्धा 1801 साली गरिबांचे नुकसान उघडपणे मांडावे लागले. हेल्पस्टन गावचा शेतमजूर-कवी जॉन क्लेअर याने तर आपल्या गावच्या 1809 च्या कायद्याचे दुःख काव्यातून जन्मभर वाहिले.

लॅक्स्टन यातून वाचले ते कोणाच्या दूरदृष्टीने नव्हे. अठराव्या शतकात येथील शिवाराचाही काही भाग कुंपणात गेलाच. उरलेले वाचले याचे कारण असे की, मॅनव्हर्स हा गावचा सर्वांत मोठा मालक असला तरी एकमेव मालक नव्हता. स्कारबरोच्या अर्लची आणि अनेक लहान खातेदारांची जमीन त्याच्या जमिनीत पट्ट्यापट्ट्याने मिसळलेली होती, आणि अदलाबदलीची बोलणी पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळली. मोजणी, कायदा, कुंपणे आणि रस्ते यांचा खर्च मोठा. तो करण्याजोगी परिस्थिती निर्माण होते न होते तोच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात परदेशी धान्याने भाव कोसळले, आणि नुकसानीच्या शेतीत नवे भांडवल घालावयास कोणी धजेना. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मॅनव्हर्सच्या कारभाऱ्यांनी बारीक पट्टे एकत्र करून त्यांची संख्या पुष्कळ कमी केली. यामुळे शिवाराचे जुने रूप पालटले हे मान्य करावे लागते; परंतु पट्टे रुंद झाल्यामुळेच पुढच्या यंत्रयुगात त्यांवर शेती करणे परवडले, आणि त्या अर्थी ही तडजोडच व्यवस्थेची तारक ठरली.

दरम्यान विद्वानांचे लक्ष या विषयाकडे वळले होते. हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री म्हणून काम करून परतलेल्या सर हेन्री मेन याने 1871 साली पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील ग्रामसंस्थांवर आपली व्याख्याने प्रसिद्ध केली आणि हिंदी गावगाडा व इंग्लंडचे उघडे शिवार ही एकाच प्राचीन संस्थेची दोन रूपे होत असा सिद्धान्त मांडला. पुढील संशोधकांनी तो सिद्धान्त जसाच्या तसा स्वीकारला नाही, आणि ते योग्यच झाले. कारण आपल्या गावगाड्यात वतन, जात आणि बलुते यांचे जे स्थान होते त्याला इंग्रज गावात जोड नाही. तथापि सामाईक गायरान, पंचांचा निवाडा आणि कोंडवाडा यांतील साम्य मेनच्या डोळ्यांना भासले असल्यास त्यात नवल नव्हते.

1952 साली सहाव्या अर्ल मॅनव्हर्सने लॅक्स्टनची जमीन शेतीखात्याला विकली, ती ही व्यवस्था टिकावी या उद्देशाने. 1981 साली ती राजमुकुटाच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे गेली, आणि 2020 साली थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्सच्याच वारसांच्या मालमत्तेकडे परतली. आज उघड्या शेतांचे क्षेत्र सुमारे 480 एकर आहे. 1977 साली पार्लमेंटने देशभरच्या जुन्या स्थानिक न्यायालयांचे अधिकार एका फटक्यात काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या कोर्ट लीटचा अपवाद मुद्दाम करण्यात आला. 1995 साली याच पॅरिशमध्ये ज्यूंच्या संहाराचे स्मारक व शिक्षणकेंद्र स्थापन झाले, त्यामुळे गावाचे नाव आता आणखी एका, फार निराळ्या कारणासाठीही घेतले जाते.

नऊशेहून अधिक वर्षांत या गावाने सरदार, सावकार, अर्ल, सरकारी खाते आणि राजमुकुट असे नाना मालक पाहिले. त्यांपैकी कोणाच्याही सनदेने शिवार टिकले असे म्हणता येत नाही. कित्येकांनी तर ते मोडण्याचा विचारही केला होता. दैवाची साथ होती, हे नाकारता येत नाही. परंतु दैवाने वाचलेले शिवार नियमांवाचून दहा वर्षेही उभे राहिले नसते. ते उभे राहिले, कारण दर साल थंडीच्या दिवसांत शेजाऱ्यांची एक तुकडी शेजाऱ्यांच्याच शेतावर हद्द तपासण्यास गेली आणि चुकणाऱ्याला, मग तो आपला सोयरा का असेना, दंड करण्यास कचरली नाही. जुन्या गोष्टी जतन करू पाहणाऱ्यांनी इमारती, नकाशे आणि कागद अवश्य राखावेत. परंतु एखादा रिवाज जिवंत राखावयाचा असेल तर तो मोडणाऱ्यास जाब विचारणारी माणसे राखणे त्याहून अधिक निकडीचे आहे, हाच लॅक्स्टनच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.